मधली सुट्टी, १५०० सेकंदांनंतर

‘लीव्ह’ नावाचा एक प्रोग्रॅम आहे. १९८० च्या आसपास कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाकडून युनिक्सची जी आवृत्ती बाहेर पडली, तिच्यात तो होता. फ्रीबीएसडीसारख्या तिच्या वंशजांमध्ये तो आजही आहे. त्याला एवढंच सांगायचं, की मला सव्वासहाला निघायचंय. मग तो गप्प बसतो. पाच मिनिटं उरली की स्क्रीनवर एक ओळ उमटते, एक मिनिट उरलं की दुसरी, वेळ झाली की तिसरी. तरीही तुम्ही हलला नाहीत, तर दर मिनिटाला ‘उशीर होणार तुम्हाला’ अशी आठवण. दहा वेळा असं बजावून झालं की तो सांगतो, हे शेवटचं, आता पुन्हा सांगणार नाही, येतो. आणि खरोखर निघून जातो.

मला या प्रोग्रॅमचं फार कौतुक आहे. तो तुम्हाला अडवत नाही, स्क्रीन काळी करत नाही, तुम्ही किती वेळा दुर्लक्ष केलंत याचा तक्ता काढत नाही. घरातल्या मोठ्या माणसासारखं दोन-चारदा सांगून बघतो आणि मग तुमचं तुम्ही बघा म्हणतो.

मी घरून सबटायटल्सचं काम करते. हेडफोन, कीबोर्ड आणि तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकणं, असं ते काम आहे. माझा लॅपटॉप आठ वर्षांचा, रॅम चार जीबी. काम किती वेळ आणि विश्रांती किती वेळ हे सांगणारे आठ-दहा छोटे टायमर या लॅपटॉपवर येऊन गेले. त्यांची माहितीपानं, जुन्या आवृत्त्यांच्या नोंदी वाचत गेले, तशी एक गोष्ट लक्षात आली. आज हे टायमर म्हटलं की सगळ्यांना टोमॅटो आठवतो. अभ्यासिकेत बसलेल्या निम्म्या मुलांच्या फोनवर तो असतो. पण या वस्तूचा इतिहास टोमॅटोपासून सुरू होत नाही. तो दुखऱ्या हातांपासून सुरू होतो. आणि त्या इतिहासात एक प्रश्न सारखा डोकं वर काढतो: मधली सुट्टी नक्की कुणाची?

दुखणारे हात

बर्नार्दिनो रामाझ्झिनी हा इटालियन वैद्य. कुठल्या धंद्यात माणसाला कोणते आजार होतात यावर त्याने १७०० साली एक ग्रंथ लिहिला. १७१३ च्या वाढवलेल्या आवृत्तीत त्याने लेखनिक आणि कारकून यांच्यावर प्रकरण घातलं. त्यांच्या दुखण्याची त्याने तीन कारणं दिली: सतत बसून राहणं, हाताची एकाच दिशेने होणारी तीच ती हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. तीनशे वर्षं झाली. टाक गेला, कीबोर्ड आला. यादीतला एकही शब्द बदलावा लागत नाही.

टाइपरायटरने या दुखण्याला नकळत थोडा उतारा दिला होता. ओळ संपली की दांडा ढकलायचा, पान संपलं की कागद बदलायचा, चूक झाली की खोडायचं. हात वेगळ्या कामाला लागायचे. कॉम्प्युटरने ही सगळी खीळ काढून टाकली. आता बोटं तासन्‌तास त्याच जागी आणि त्याच चालीने चालू शकत होती, म्हणून ती चालायला लागली.

१९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात ऑस्ट्रेलियात मनगट, कोपर आणि खांदा यांच्या दुखण्याची अक्षरशः साथ आली. डेटा भरणाऱ्या कारकून, टेलिफोन ऑपरेटर, टायपिस्ट यांच्या हजारो तक्रारी नोंदल्या गेल्या. त्यांत बायकांची संख्या मोठी होती. दुखणं खरं की मनाचा खेळ, यावर तिथल्या डॉक्टरांत कित्येक वर्षं वाद चालला. कारण क्ष-किरणात काही दिसत नव्हतं, आणि बाईने सांगितलेलं दुखणं हा पुरावा मानायची पद्धत नव्हती.

युरोपने यावर कायद्याचा मार्ग घेतला. मे १९९० मध्ये युरोपीय समुदायाने स्क्रीनसमोरच्या कामाबद्दल निर्देश काढला. त्यात मालकावर जबाबदारी टाकली, की रोजच्या स्क्रीनच्या कामात ठराविक काळाने विश्रांती किंवा कामात बदल असला पाहिजे. ब्रिटनमध्ये त्यावरून १९९२ चे नियम आले. म्हणजे स्क्रीनसमोरून उठणं हा त्या देशांत आळस राहिला नाही, हक्क झाला.

आणि नेमक्या याच काळात प्रोग्रॅमर मंडळींनी आपापल्या मनगटांसाठी आपापली साधनं लिहायला घेतली. १९९४ च्या सुमाराला ‘ईमॅक्स’ या प्रसिद्ध एडिटरमध्ये ‘टाइप-ब्रेक’ नावाचा भाग आला. तासभर टाइप केलंत की तो विचारतो, जरा थांबायचं का? तो फक्त घड्याळ बघत नाही, कळा किती वेळा दाबल्या गेल्या हेही मोजतो, कारण जलद टाइप करणाऱ्याचा तास आणि सावकाश करणाऱ्याचा तास सारखा नसतो. तुम्ही हो म्हणालात, तर तो तुमच्यासमोर करमणूक मांडतो. हनोईच्या मनोऱ्यांचं कोडं आपलं आपण सुटत जातं, किंवा कॉनवेच्या ‘लाइफ’ या खेळातल्या पेशी जन्मतात आणि मरतात. तुम्ही हात मांडीवर ठेवून बघत बसायचं.

त्याच काळातला दुसरा प्रोग्रॅम ‘एक्सरिट्स’. लिहिणं आणि मनगट या दोन इंग्रजी शब्दांची सरमिसळ करून हे नाव पाडलंय. तो लिहिणारा एडी कोलर पुढे हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाला. पंचावन्न मिनिटं टाइपिंग, पाच मिनिटं विश्रांती. वेळ झाली की एका खिडकीत हाताचं चित्र येतं. तो हात आखडलेला, वैतागलेला. तुम्ही थांबलात की हात शांत होतो. नाही थांबलात, तर आणखी एक हात, मग आणखी एक. त्यात एक खास सोयही होती: मुद्दाम चालू केली तर तो हात तुम्हाला असभ्य खूण करून दाखवायचा.

या शतकाच्या सुरुवातीला ‘वर्करेव्ह’ आला, लिनक्स आणि विंडोज दोन्हींसाठी, फुकट, मेंढीचं चित्र मिरवणारा. त्यात तीन घड्याळं एकाच वेळी चालतात. दर तीन मिनिटांनी तीस सेकंदांची छोटी उसंत. दर पंचेचाळीस मिनिटांनी दहा मिनिटांची विश्रांती. आणि तिसरं घड्याळ दिवसाचं: प्रत्यक्ष कीबोर्ड-माउस चालवल्याचे चार तास भरले की आज पुरे. हे आकडे बदलता येतात, पण सुरुवातीला मिळतात ते असे. आजचं कुठलंही ‘प्रॉडक्टिव्हिटी अ‍ॅप’ तुम्हाला दिवसाला चार तास झाले, आता बंद करा, असं सांगेल का? वर्करेव्ह सांगतो, कारण तो तुमचं काम वाढवायला लिहिलेलाच नाही. तो तुमचा हात वाचवायला लिहिलाय.

केडीई या लिनक्सच्या डेस्कटॉपवर ‘आरएसआयब्रेक’ होता, विश्रांतीच्या वेळी तुमच्याच फोल्डरमधले फोटो दाखवणारा. आणि त्याच केडीईमध्ये ‘केटीटाइम’ नावाचा चहाचा टायमरही होता: काळा चहा तीन मिनिटं, अर्ल ग्रे पाच, फळांचा आठ. आपल्याकडे चहा उकळतो, त्यामुळे आपल्याला टायमर लागत नाही. दूध वर आलं की वेळ झाली. पण मला ही जोडी फार आवडते. एक सांगतो ऊठ, दुसरा सांगतो उठून काय कर.

रोमचा टोमॅटो

आता टोमॅटो. फ्रान्चेस्को चिरिल्लो हा १९८० च्या दशकाच्या अखेरीला रोममध्ये शिकत होता. अभ्यासात लक्ष लागत नव्हतं. त्याने स्वतःशी पैज लावली: दहा मिनिटं, फक्त दहा मिनिटं, खरोखरचा अभ्यास करता येईल का? मोजायला कुणीतरी पंच हवा, म्हणून स्वयंपाकघरातला पिळून चावी द्यायचा टायमर घेतला. तो टोमॅटोच्या आकाराचा होता. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोडोरो म्हणतात, शब्दशः सोन्याचं सफरचंद. पद्धतीला नाव त्यावरून पडलं.

पद्धत तुम्हाला माहीत असेल. पंचवीस मिनिटं एकच काम, मग पाचेक मिनिटं विश्रांती, चार फेऱ्या झाल्या की पंधरा ते तीस मिनिटांची मोठी सुट्टी. पण बहुतेक अ‍ॅपमध्ये जे गळून गेलंय ते यापुढचं आहे. चिरिल्लोच्या पद्धतीत कागद आणि पेन्सिल महत्त्वाची. पोमोडोरो तोडता येत नाही. मध्ये उठलात तर तो धरायचा नाही, नव्याने सुरू करायचा. मनात आलेला व्यत्यय (‘जरा मेसेज बघू’) एका खुणेने नोंदायचा, बाहेरून आलेला दुसऱ्या खुणेने. बाहेरच्याला सांगायचं की आत्ता नाही, अमुक वेळाने बोलू, आणि त्या वेळेला खरंच बोलायचं. काही दिवसांनी कागद बघायचा: आपल्याला जास्त कोण त्रास देतं, लोक की आपण?

टायमर चावीचाच हवा असा त्याचा आग्रह होता, आणि त्यामागे विचार होता. चावी पिळणं म्हणजे हाताने दिलेला शब्द, मी आता सुरू करतोय. टिकटिक म्हणजे चालू असलेला वेळ. घंटी म्हणजे संपला. माउसच्या एका क्लिकमध्ये यातलं पहिलं काही उरत नाही.

२००६ मध्ये त्याने या पद्धतीची पुस्तिका पीडीएफ म्हणून इंटरनेटवर फुकट ठेवली. ती आधी पसरली प्रोग्रॅमर लोकांत, विशेषतः ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’ वाल्यांत, कारण कामाचे छोटे तुकडे पाडून मोजण्याची त्यांना सवयच होती. २००९ मध्ये स्तफान नॉतेबेरीचं सचित्र पुस्तक आलं, आणि मग टोमॅटोचं पीक आलं. पुढे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदलं गेलं. बरीच साधनं ‘फोकस’, ‘टोमॅटो’ असली नावं लावून फिरतात, त्याला हेही एक कारण आहे.

इथे एक फरक नीट बघायला हवा. एक्सरिट्स आणि वर्करेव्ह अशा माणसासाठी लिहिले गेले, जो कामातून उठतच नाही. टोमॅटो अशा माणसासाठी आला, जो कामाला बसतच नाही. पहिल्यात विश्रांती हाच उद्देश होता. दुसऱ्यात ती बक्षीस झाली, पंचवीस मिनिटं कमावल्यावर मिळणारं. पहिली पद्धत म्हणते, शरीर मर्यादित आहे. दुसरी म्हणते, मन चंचल आहे. आज सगळी अ‍ॅप दुसऱ्या घराण्यातली आहेत, आणि पहिल्या घराण्याचं नावही फारसं कुणी घेत नाही.

अर्धा तास, दुपारचा

मधल्या सुट्टीचं आणखी एक घराणं आहे, आणि ते आपल्या मुंबईचं आहे. त्यात डेस्कटॉप नाही, पण त्याच्याशिवाय ही गोष्ट अर्धी राहील.

१८८० च्या दशकातल्या मुंबईच्या कापड गिरण्या सूर्य उगवला की सुरू आणि मावळला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठं. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा फक्त मुलांपुरता होता: सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांहून जास्त काम नाही, दिवसात एक तास विश्रांती, महिन्यात चार सुट्ट्या. मोठ्या माणसांबद्दल कायदा गप्प होता.

सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. लोखंडे सत्यशोधक, ‘दीनबंधु’ पत्र चालवणारे. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांच्या निवेदनात मागण्या होत्या: रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. सहा वर्षं लागली. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली, आणि १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास दोन्ही आले.

या काळात मालकांच्या बाजूने एक युक्तिवाद सारखा केला जायचा. कामगार तासांच्या हिशोबाने कुठे काम करतो? तो आवारात रेंगाळतो, विडी ओढतो, गप्पा मारतो. मग तास कमी कशाला करायचे? १९०८ च्या फॅक्टरी लेबर कमिशनपुढेही हे ‘रेंगाळणं’ चर्चेला होतंच. चौदा तास उभा असलेला माणूस मधूनमधून दहा मिनिटं बाहेर जातो, तर तो चोरी करतोय की जगतोय? ज्याला हक्काची विश्रांती नाही, तो ती लपूनछपून घेतो. आणि लपून घेतली की ती विश्रांती राहत नाही, पुरावा होते.

हा ‘रेंगाळणं’ शब्द जरा लक्षात ठेवा. तो पुढे येतो.

हलकं म्हणजे किती हलकं?

पंचवीस मिनिटं म्हणजे १५०० सेकंद. युनिक्सच्या घराण्यातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर ‘स्लीप’ ही आज्ञा, पुढे १५०० हा आकडा, आणि त्यानंतर घंटी वाजवायची आज्ञा, एवढं एका ओळीत लिहिलं की झाला टायमर. त्या १५०० सेकंदांत हा प्रोग्रॅम काहीही करत नाही, अगदी खरोखर. ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या यादीत नोंद करते, की याला अमुक वेळी उठवा, आणि तोवर प्रोसेसर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. काम करवून घेणारं हे साधन स्वतः झोपलेलं असतं.

आता दुसरं टोक बघा. ‘इलेक्ट्रॉन’ नावाची व्यवस्था २०१३ पासून आहे. वेबसाइटसारखं लिहायचं, आणि ते डेस्कटॉपचं अ‍ॅप म्हणून चालवायचं. लिहिणाऱ्याला सोपं, दिसायला सुबक. पण अशा प्रत्येक अ‍ॅपबरोबर अख्खा क्रोमियम ब्राउझर येतो. पंचवीसपासून शून्यापर्यंत आकडे मोजायला शंभर एमबीच्या वर मेमरी. माझ्यासारख्या चार जीबीवाल्याला हे परवडत नाही: व्हिडिओ, सबटायटलचं सॉफ्टवेअर आणि ब्राउझर उघडला की टायमरसाठी जागाच नसते.

मग ब्राउझरच्या एखाद्या टॅबमध्येच टायमर चालवला तर? त्यातही मेख आहे. मागे पडलेल्या टॅबने बॅटरी खाऊ नये म्हणून ब्राउझर तिचा वेग कमी करतात. २०२१ पासून क्रोम पाच मिनिटांहून जास्त लपलेल्या टॅबला मिनिटातून एकदाच जागं करतो. जो टायमर एकेक सेकंद स्वतः मोजतो, तो त्यामुळे मागे पडतो आणि पंचवीस मिनिटांचा टोमॅटो भलताच लांबतो. शहाणा टायमर सेकंद मोजत नाही. सुरुवातीची वेळ लिहून ठेवतो आणि जाग आली की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो.

आणि लॅपटॉपचं झाकण मिटलं तर? काही टायमर तिथेच गोठतात आणि झाकण उघडल्यावर उरलेली अकरा मिनिटं पुन्हा मोजायला लागतात, जणू तुम्ही उठलाच नव्हता. विश्रांतीच्या घराण्यातला प्रोग्रॅम समजतो, की माणूस गेला होता, म्हणजे विश्रांती झाली. तांत्रिक बारकावा वाटतो, पण खाली प्रश्न तोच आहे: मोजायचं काय, माणसाला की कामाला?

या हलक्या साधनांचं आयुष्यही हलकंच. २००८ नंतर अ‍ॅडोबीच्या ‘एअर’ या व्यवस्थेवर ‘पोमोडेअरो’ नावाचा टायमर चालायचा. २०११ मध्ये अ‍ॅडोबीने लिनक्ससाठी एअर बंद केलं, आणि तिथे तो निराधार झाला. अशी कित्येक साधनं ज्या ‘गूगल कोड’ वर ठेवलेली होती, ते २०१६ मध्ये बंद पडलं. ‘टोमायटी’ जावामध्ये लिहिलेला, घड्याळाशेजारी निमूट बसणारा. तोही बऱ्याच काळापासून तसाच आहे. बिघडलं म्हणून यातलं फारसं काही गेलं नाही. पायाखालची जमीन बदलली म्हणून गेलं.

कोण बघतंय?

विश्रांतीची आठवण करणाऱ्या प्रोग्रॅमला एक गोष्ट कळावीच लागते: तुम्ही आत्ता कीबोर्ड चालवताय की नाही. विंडोजमध्ये त्यासाठी एक तयार सोय आहे. शेवटची कळ किंवा माउस कधी हलला ते ती सांगते. लिनक्सच्या जुन्या ‘एक्स’ खिडकी-व्यवस्थेत कुठलाही प्रोग्रॅम सगळ्या कळा ऐकू शकत असे, म्हणून एक्सरिट्स शक्य झाला. पण हेच दार चोरालाही उघडं होतं. पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅमही तिथूनच ऐकू शकतो. नवी ‘वेलँड’ व्यवस्था आली आणि तिने हे दार बंद केलं. ठीकच केलं. फक्त त्यात वर्करेव्हसारख्यांची पंचाईत झाली, कारण माणूस थकलाय की नाही हे त्यांना दिसेना.

हात वाचवणारा प्रोग्रॅम आणि हातांवर पाळत ठेवणारा प्रोग्रॅम यांच्यात तांत्रिक फरक जवळपास नाही. फरक एवढाच, की मोजलेला आकडा जातो कुणाकडे.

हे मला पुस्तकात वाचून कळलेलं नाही. काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीसाठी घरून काम करायचे. नाव महत्त्वाचं नाही. त्यांच्या लॅपटॉपवर वेळ मोजणारं सॉफ्टवेअर होतं. कीबोर्ड आणि माउस पाच मिनिटं शांत राहिले की त्या वेळेवर ‘आयडल’ असा शिक्का बसायचा आणि आठवड्याच्या तक्त्यात ती पट्टी लाल दिसायची. माझा स्वतःचा छोटा टायमर शेजारी चालू होताच. तो म्हणायचा, ऊठ, मान फिरव, लांब बघ. मी उठायचे. आणि बरोबर तीच पाच मिनिटं दुसऱ्या घड्याळात लाल व्हायची. एकाच स्क्रीनच्या कोपऱ्यात दोन घड्याळं होती. एकाच्या मते मी शहाणी, दुसऱ्याच्या मते कामचुकार. ‘आयडल’ म्हणजे ते जुनं ‘रेंगाळणं’च, फक्त आता आवारात मुकादम उभा करावा लागत नाही.

तुम्ही कुठेतरी ५२ आणि १७ हे आकडे वाचले असतील: बावन्न मिनिटं काम, सतरा मिनिटं विश्रांती, सर्वांत कार्यक्षम माणसं असं करतात म्हणे. हे आकडे २०१४ मध्ये ‘डेस्कटाइम’ या कंपनीने आपल्या माहितीतून काढले. डेस्कटाइम काय करते? कर्मचाऱ्यांचा कॉम्प्युटरवरचा वेळ मोजणारं सॉफ्टवेअर विकते. त्याच कंपनीने २०२१ मध्ये पुन्हा मोजलं, तेव्हा उत्तर ११२ आणि २६ आलं. माणसाचं शरीर सात वर्षांत एवढं बदलत नाही. बदलली ती परिस्थिती: महामारीत माणसं घरून काम करायला लागली होती.

याची उलटी बाजूही बाजारात आहे. ‘जिगलर’ नावाची साधनं माउस आपोआप हलवत राहतात, म्हणजे तुम्ही जागेवर आहात असं वाटावं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या बँकेने डझनभराहून जास्त कर्मचाऱ्यांना कीबोर्ड चालू असल्याचं सोंग केल्याबद्दल काढलं. हे सोंग चांगलं असं मी म्हणणार नाही. पण ज्या कामात उठणं हाच गुन्हा ठरतो, तिथे उठलोच नाही असं दाखवायची यंत्रं निघणारच.

आणि उठण्याने काम बुडतं का? अमेरिकेत २००० साली डेटा भरणाऱ्या कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या दोन पंधरा मिनिटांच्या सुट्ट्यांखेरीज त्यांना अधूनमधून पाच-पाच मिनिटं मिळून दिवसाला वीस मिनिटं जास्त दिली. डोळ्यांचा आणि अंगाचा त्रास कमी झाला, आणि काम घटलं नाही. लोखंड्यांच्या निवेदनावर सही करणाऱ्यांना हे सांगायला अभ्यासाची गरज नव्हती.

सगळ्यांसाठी वाजणारी घंटा

आता ही साधनं हळूहळू ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात जातायत. विंडोज ११ च्या घड्याळात २०२१ पासून ‘फोकस सेशन’ आहेत. लिनक्सवरच्या ग्नोम ४८ ने मार्च २०२५ मध्ये विश्रांतीची आठवण थेट सेटिंग्जमध्ये आणली. सोय चांगली आहे. वेगळं काही शोधावं लागत नाही आणि मेमरीही खात नाही. तरीही कुठलाही टायमर घेताना मी तीन गोष्टी बघते: खातं उघडायला लावतो का, नेट बंद असताना चालतो का, आणि मी कधी उठले हे माझ्याशिवाय कुणाला कळतं का. सध्या माझ्याकडे ती एका ओळीची स्लीपची आज्ञा आहे, आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे.

पण एवढ्याने भागत नाही, हेही आता दिसतं. गिरणीतली दुपारची सुट्टी सगळ्यांची एकदम व्हायची. चाकं थांबायची, म्हणून कुणी मागे पडायचं नाही. माझा टायमर फक्त माझ्यासाठी वाजतो. मी उठते तेव्हा ग्रुपवर मेसेज येतच राहतात, फाइली येतच राहतात, आणि ती पाच मिनिटं मी मनाने तिथेच असते. टोमॅटोने सुट्टी खिशात मावेल एवढी लहान केली, आणि ती एकट्याची केली. हक्काची मागणी सगळ्यांनी मिळून करता येते. स्वतःच्या शिस्तीची मागणी फक्त स्वतःकडेच करता येते, आणि ती फसली की दोषही स्वतःलाच.

म्हणून आम्ही सबटायटल्स करणाऱ्या चौघीजणींनी गेल्या वर्षी एक साधी गोष्ट ठरवली. साडेअकरा आणि चार. त्या दोन वेळी पंधरा मिनिटं कुणी कुणाला काही पाठवायचं नाही, आणि काम देणाऱ्यांनाही तसं कळवून टाकायचं. एकाने विचारलं, यासाठी कोणतं अ‍ॅप वापरता? कोणतंही नाही. चौघींच्या फोनवरचा साधा गजर आहे. तो वाजतो तेव्हा एवढं माहीत असतं, की आणखी तीन खुर्च्या रिकाम्या झाल्यात.